खाणीवरचं रान : अरवलीतली भटकंती

शुक्रवार, बल्लारशाह ते दिल्ली

चंद्रपूरच्या माणसाला खाण मुद्दाम जाऊन बघावी लागत नाही. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, कुठल्याही रस्त्याला लागा, सपाट माथ्याचा मातीचा डोंगर दिसतोच. कोळशावरची माती आणि दगड उपसून रचलेला हा ढिगारा. खाणीतली माणसं त्याला 'ओबी', म्हणजे ओव्हरबर्डन, म्हणतात. त्यावर सुबाभूळ, निलगिरी, काशीद, गुलमोहर लावलेले असतात. पावसाळ्यात लांबून सगळं हिरवं दिसतं. जवळ जाऊन त्या झाडांखाली उभं राहिलं की पाचोळ्याशिवाय फारसं काही सापडत नाही. ना बोरीची जाळी, ना गवताचा झुबका, ना तित्तिराची हाक. मी अधूनमधून तिथे पक्षी बघायला जाते आणि वहीत कावळा, कोतवाल, बुलबुल, वेडा राघू याच्या पुढे यादी सरकत नाही.

झाडं आहेत आणि रान नाही, हे का होतं, याचं उत्तर शोधायला ही सहल. दिल्ली-गुरुग्रामच्या कडेला अरवलीच्या दगडखाणी बंद पडल्यावर तिथे मूळच्या वनस्पती पुन्हा आणल्या गेल्या, हे वाचलं होतं. आतेभाऊ गुरुग्रामला नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याची चिंता नव्हती. सप्टेंबरचा शेवट मुद्दाम निवडला. पाऊस उलगडलेला असतो, गवतं तुऱ्यावर असतात आणि कोणतं झुडूप कोणतं हे ओळखता येतं. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. गाडी वेळेवर पोचली, दिल्लीत उकाडा होता.

शनिवार, गुरुग्रामचं अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क

मेट्रोच्या यलो लाईनवर गुरु द्रोणाचार्य स्टेशन आहे. तिथून रिक्षाने काही मिनिटांत पार्कचं फाटक. आम्ही सहाला पोचलो तेव्हा धावणाऱ्या लोकांची गर्दी होती. आतेभाऊही इथे रोज धावतो. "ताई, इथे खाण होती हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला कळू नये याचं मला आश्चर्य वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

नाथूपूरच्या टेकड्यांवरची ही साधारण ३९० एकर जागा. इथला क्वार्टझाइट दगड कित्येक वर्षं फोडून दिल्ली आणि गुरुग्रामच्या इमारतींना, रस्त्यांना पुरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि मग २००९ मध्ये हरियाणातल्या अरवलीतल्या खाणींवर बंदी आणली. मागे राहिली खड्डे पडलेली उघडी टेकडी आणि तिच्यावर पसरलेली वेडी बाभूळ. ५ जून २०१० ला 'आय ॲम गुडगाव' हा नागरिकांचा गट आणि महापालिका यांनी मिळून इथे काम सुरू केलं. पुढची दहाएक वर्षं, उजाड जागी रान परत आणण्याचं काम करणारे विजय धस्माना यांनी त्याला दिशा दिली.

त्यांनी आधी बाग आखली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उत्तर अरवलीत जिथे जिथे जुनं रान शिल्लक आहे तिथे जाऊन पाहिलं: कोरड्या उतारावर काय उगवतं, घळीत काय, सपाट खडकावर काय, वाळूत काय. मग पार्कातल्या प्रत्येक तुकड्याची जमीन पाहून ठरवलं की इथे सालईचं रान शोभेल, इथे धौचं, इथे कुमठ्याचं. रोपं बाजारात मिळणं शक्यच नव्हतं, कारण या झाडांना गिऱ्हाईक नसतं. म्हणून बिया रानातून गोळा केल्या आणि रोपवाटिका इथेच उभी केली. सुमारे दोनशे स्थानिक जाती तिथे वाढवल्या गेल्या. लाखाहून जास्त रोपं लागली ती शाळेची मुलं, कंपन्यांमधले कर्मचारी आणि रहिवासी यांच्या हातून, बहुतेक पावसाळ्यातल्या सकाळी.

धावण्याची वाट सोडून आम्ही आतल्या पायवाटेला लागलो. पहिलीच ओळखीची भेट अडुळशाची. मग बोरीची एक ठेंगणी जात, तिथे तिला झडबेरी म्हणतात. मग कंथार. कंथारीची जाळी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको: वाकड्या काट्यांचं इतकं दाट जाळं की कुत्रं आत शिरत नाही. पण ससा शिरतो, तित्तिर पिल्लांना घेऊन शिरतं. त्या जाळीपाशी आम्ही थांबलो तर आतून राखी तित्तिरांची एकदम जुगलबंदी सुरू झाली. भाऊ दचकला. त्याने हा आवाज इतकी वर्षं ऐकला होता, पण तो पक्ष्याचा आहे हे माहीत नव्हतं.

थोडं वर नेपतीची झुडपं. हिंदीत कैर, ज्याच्या फळांचं लोणचं मारवाडात घरोघर असतं. पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात, त्यामुळे पाण्याची उधळपट्टी नाही. मुळांपासून नवे कोंब फुटत राहतात आणि उघड्या जमिनीवर झुडूप हळूहळू पसरतं. कंथार आणि नेपती एकाच कुळातल्या, आणि दोन्हींवर पायोनियर नावाची पांढरी-पिवळी, काळ्या शिरांची फुलपाखरं अंडी घालतात. त्या सकाळी ती शेकड्यांनी उडत होती. त्याच ठिकाणी गुलमोहर लावला असता तर सावली मिळाली असती, पण या फुलपाखराला पान मिळालं नसतं. त्याची अळी कुठलीही पानं खात नाही, याच कुळाची खाते. अळी नसेल तर पिल्लांना भरवायला सातभाईंना काही मिळत नाही. झुडपाची जात बदलली की वरची सगळी साखळी तुटते ती इथून.

हिवराला फुलोरा आला होता. इथे त्याला रौंझ म्हणतात. पिवळसर पांढरे गोंडे, फिकट साल. हिवर आणि कुमठा या दोन्हींच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मातीत आणतात. जिथे माती अशी उरलेलीच नाही तिथे सुरुवात यांच्यापासून करावी लागते. त्यांच्या आधाराने मग गंगेटी, काळा कुडा, दुरंगी बाभूळ, बिस्तेंदू येतात. खडकाच्या कडेवर कांडोळाची पांढरी खोडं उन्हात चमकत होती.

रोपांना आळं करणाऱ्या एका बाईंना मी विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा. त्या लगेच म्हणाल्या, "कीकर का. काटो तो चार और निकलते हैं." म्हणजे विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. दिल्लीच्या रिजवर, म्हणजे शहरातल्या अरवलीच्या टेकड्यांवर, ती इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हिरवाई लवकर व्हावी म्हणून आणली. शेंगा गोड, बकरी आणि नीलगाय खातात, लेंड्यांतून बी सगळीकडे. वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. जमिनीखालचा बुंध्याचा गड्डाच काढावा लागतो. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क उभं राहिलं तेव्हा ते उभारणारे, झाडांवर लिहिणारे प्रदीप कृष्ण यांना हाच प्रश्न पडला होता. तिथे दगड फोडणारे खंडवालिया कारागीर बोलावले. त्यांनी हातोडी-छिन्नीने खडक फोडून कीकरची मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत वाळवंटी झुडपं लावली. खाणकामाचं कौशल्य रान परत आणायला वापरलं गेलं, ही गोष्ट मला फार आवडते.

या पार्कात आता दोनशेच्या आसपास जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'ओईसीएम' म्हणून याची घोषणा झाली. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नसूनही जिथे जैवविविधता दीर्घकाळ टिकते अशा जागांना मिळणारी ही ओळख आहे. त्याआधी बारा वर्षं जी टेकडी उघडी होती तिला हे मिळालं. आमच्या यादीत त्या सकाळी सिरकीर कोकीळ आला, मी पहिल्यांदाच पाहिला. झुडपांच्या बुडाशी, लाल चोच, उंदरासारखा सरपटत पळाला.

रविवार, मांगर बणी

काल जे पाहिलं त्याचा मूळ नमुना बघायचा तर मांगरला जायला हवं. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याने निघालो. वाटेत बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर लागतो, काचा वर केल्या तरी वास आत येतो. त्याच्यापासून फार लांब नाही अशी ही बणी, म्हणजे देवराई.

मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांच्या मधल्या दरीत सुमारे ६७७ एकर रान उभं आहे. गुदडिया दास बाबांचं ठाणं आत आहे. गावातले गुर्जर मानतात की बणीतली फांदी तोडली तर बाबा कोपतात. बकरी आत सोडायची नाही, सरपण न्यायचं नाही, पडलेली काटकीही उचलायची नाही. आजूबाजूच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या, जमिनींचे भाव गगनाला भिडले, आणि ही दरी तशीच राहिली.

गावातले एक वयस्कर काका आमच्याबरोबर आले. बणीच्या कडेला थांबून त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. खडकावर जमिनीला चिकटून पसरलेलं, बारीक पानांचं, घोट्याएवढं झुडूप. "यो धौ सै," ते म्हणाले. मग पाचपन्नास पावलं आत नेऊन एका झाडाच्या खोडावर हात ठेवला. त्याची फांद्यांची छत्री आमच्या डोक्यावर होती, बारीक फांद्या खाली झुकलेल्या. "यो भी धौ सै."

धौ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. बकऱ्या रोज ओरबाडत राहिल्या तर तो वर्षानुवर्षं खडकावर सतरंजीसारखा पसरून राहतो, मरत नाही आणि वाढतही नाही. चरणं थांबलं की त्यातलाच एखादा कोंब वर सुटतो आणि झाड होतं. त्याच्या बियांमध्ये रुजणाऱ्या फारच थोड्या असतात, मुळांतून कोंब फुटून तो पसरतो. म्हणून धौचं रान एकदा खणून काढलं की बी शिंपून परत येत नाही. खाणीच्या खड्ड्यावर धौ आणायचा तर रोपवाटिकेत कष्टाने वाढवून आणायचा आणि मग वाट बघायची. कालच्या पार्कातली धौची रोपं मला त्या क्षणी वेगळी दिसायला लागली. ती पुरी वाढायला आपलं आयुष्य पुरणार नाही, हे लावणाऱ्यांना माहीत होतं.

बणीच्या आत गारवा होता. धौच्या खाली अडुळसा, कंथार, मध्येच वाकडातिकडा बिस्तेंदू, वरच्या कड्यांवर सालई. राखी धनेशांची जोडी ओरडत गेली. मी उकिडवी बसून जमीन बघत राहिले. पाचोळ्याखाली काळी माती, बोटभर खोल. क्वार्टझाइटच्या खडकावर ही बोटभर माती जमायला किती पिढ्यांचा पाचोळा लागला असेल याचा हिशेब मला करता येईना. खाणीचं यंत्र ती एका दुपारी उचलतं.

काका आत काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले की शहरातले लोक हल्ली येतात, झाडं बघतात, बाबांना नमस्कार न करता जातात. मी ठाण्यापाशी नमस्कार केला होता, त्यामुळे त्यांनी घरी नेऊन ताक पाजलं. २०१६ मध्ये राज्य सरकारने बणीची हद्द आखून भोवती बांधकामाला मनाई असलेला पट्टा ठरवला तेव्हा गावात एकमत नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं. ज्यांची जमीन अडकली ते अजून नाराज आहेत. मला हे ऐकून घ्यावंसं वाटलं. रान राखण्याची किंमत कुणीतरी मोजत असतं आणि ते बहुधा रान बघायला येणारे नसतात.

सोमवार, वसंत विहार

दिल्लीत वसंत विहारजवळ अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क याच नावाचं दुसरं पार्क आहे, दिल्ली विकास प्राधिकरणाचं. क्षेत्र ६९२ एकर. आधी संपर्क करून जावं लागतं. ही जागाही खाणीची. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली इथे काम झालं आणि वेड्या बाभळीवरचा त्यांचा उपाय वेगळा आहे. ते तिला उपटत नाहीत. वरचा पसारा छाटून ऊन खाली येऊ देतात, त्या उन्हात स्थानिक गवतं, झुडपं आणि झाडं लावतात. ती मोठी होऊन वरून सावली करू लागली की बाभूळ आपोआप खंगत जाते, कारण तिला सावली सोसत नाही. उपटल्याने जमीन उघडी पडून धुपते, तेही टळतं.

दोन्ही पद्धती पाहून माझं मत असं झालं: लहान, खडकाळ जागा आणि भरपूर हात असतील तर गड्डा काढावा; मोठा विस्तार असेल तर छाटणीची वाट धरावी. इथली आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे खाणीचे खोल खड्डे बुजवलेले नाहीत. आत ओल आणि गारवा टिकतो म्हणून एका खड्ड्यात नेच्यांची लागवड केली आहे. दुपारी ऊन फार झालं, लवकर परतलो.

मंगळवार, असोला-भाटी

तुघलकाबादजवळ असोला-भाटी अभयारण्याचं फाटक आहे. आत सायकल भाड्याने मिळते. असोला १९८६ मध्ये अभयारण्य झालं, भाटी १९९१ मध्ये त्याला जोडलं, एकूण जवळपास ३३ चौरस किलोमीटर. भाटीत 'बदरपूर' नावाने दिल्लीभर विकली जाणारी लाल रेती आणि दगड निघायचे. खड्डे खचून मजूर मेले आणि १९९० मध्ये खाणी बंद झाल्या. ते मजूर बहुतेक ओड समाजाचे, फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेले, माती खणणं हाच पिढीजात व्यवसाय. खाण गेली, त्यांची वस्ती अभयारण्याच्या हद्दीत सापडली, आणि त्यांना हलवण्याचा वाद वर्षानुवर्षं चालत राहिला. पार्कांच्या माहितीफलकांवर हा भाग सहसा नसतो. माझ्या मते असायला हवा.

२००० पासून टेरिटोरियल आर्मीची इको बटालियन इथे झाडं लावते आहे. पाणी अडवण्याचे बांध घातले, खड्ड्यांच्या कडा सावरल्या. खोल खाणीत साठलेल्या पाण्याचा नीली झील नावाचा तलाव झाला आहे, कड्यावरून खाली बघितलं की पाण्याचा रंग खरोखर निळा-हिरवा दिसतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्गशिक्षण केंद्र आत आहे. तिथल्या एका तरुण अभ्यासकाने कॅमेरा ट्रॅपमधली चित्रं दाखवली. साळिंदर, कोल्हा, तरस, रानमांजर, आणि बिबट्या. दिल्लीच्या हद्दीत, बंद खाणीत. मात्र इथे वेडी बाभूळ अजून खूप आहे, आणि बिबट्या तिच्याही आडोशाला राहतो हे त्याने मोकळेपणाने सांगितलं.

मी त्याला आमच्याकडचा प्रश्न विचारला. दुर्गापूरला ओबी आणि वीज केंद्राच्या आसपास वेड्या बाभळीचं रान माजलं, त्यात रानडुकरं आली, डुकरांमागे वाघ-बिबटे आले, आणि माणसं दगावली. आमच्याकडे 'झुडपं साफ करा' ही मागणी आहे. तिथे मी झुडपं लावा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? तो बराच वेळ विचार करून म्हणाला की वस्तीलगतचा पट्टा मोकळा, गवताचा ठेवा, दाट झुडपं जंगलाकडच्या बाजूला लावा, आणि डुकरांना बोलावणारा कचरा आधी उचला. साधंच उत्तर, पण झुडूप कुठे हवं आणि कुठे नको हे नकाशावर ठरवता येतं, ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

बुधवार, परतीची गाडी

गाडीत वही काढून बसले. अरवलीची यादी चंद्रपुरात चालणार नाही. तिथे खडक जागच्या जागी आहे, आमच्याकडे सैल, उलथापालथ झालेला ढिगारा. धौ नाही, नेपती फारशी नाही. आमचा नमुना ताडोबाच्या कडेचं कोरडं सागाचं रान. तिथली झुडपं लिहून काढली: धायटी, मुरुडशेंग, भराटी, घटबोर, कुडा. गवतात कुसळी आणि रोशा. मातीचं काम आपल्याकडे झालेलं आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीजच्या ढिगाऱ्यावर आणि दुर्गापूरच्या ओबीवर साखर कारखान्याची मळी आणि मुळांशी राहणाऱ्या बुरशी-जिवाणूंचं खत घालून झाडं जगवून दाखवली आहेत. त्यावर झुडपांचा थर चढवायचा राहिला.

पुढच्या ओळी कामाच्या. मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्या पहिल्यांदा गोळा करायच्या. धायटी उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलून झाली की तिचं बारीक बी. ओळखीच्या दोन शिक्षिकांना शाळेच्या आवारात वाफे करायला विचारायचं. ओबीवर पाय ठेवायला परवानगी लागते, तो अर्ज जानेवारीच्या आत द्यायचा, म्हणजे जूनला रोपं तयार असताना कागद अडकून राहणार नाही.